कलमं खाली आणताना: देवगडच्या सड्यावरल्या बागेच्या नोंदी

१६ ऑक्टोबर २०२२

बागेत आज मोजून हापूसची ४२ कलमं आहेत. ४४ होती. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, तेव्हा कड्याच्या बाजूची दोन मुळांसकट आडवी झाली. कातळावरची झाडं ती, मुळं खोल जातात कुठे? उन्मळलेल्या कलमाचं बूड ताटासारखं सपाट होतं आणि त्याखाली लगेच जांभा.

सासरे गेल्यापासून छाटणी अशी झालीच नाही. दोन कलमांत दहा मीटर अंतर आहे, तरी शेंडे एकमेकांत गुंतलेत. भर दुपारी खाली ऊन पोचत नाही. जमिनीवर नुसता ओला पातेरा. फळ धरतं ते पार वर, पस्तीस-चाळीस फुटांवर. तिथे फवारणी पोचत नाही आणि माणूस चढायला तयार होत नाही. होत नाही ते बरोबरच आहे. गेल्या मेमध्ये आमच्याच विहिरीकडच्या कलमावरून आंबे उतरवणारा गडी पडला, त्याचा खुबा मोडला. अजून काठीशिवाय चालत नाही. आंब्याची पेटी घेऊन त्याच्या घरी गेले तेव्हा त्याच्या बायकोने पेटी आत ठेवली, चहा केला, आणि मी निघेपर्यंत एक शब्द बोलली नाही. परत येताना पाणंदीतच ठरवलं, कलमं खाली आणायची.

जुन्या बागेचं पुनरुज्जीवन म्हणतात याला. झाडाची उंची निम्म्यावर आणायची, मधला सरळ वर गेलेला फाटा काढायचा, पोटात ऊन जाऊ द्यायचं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची यावर सविस्तर शिफारस आहे. कापलेलं झाड दोन-तीन वर्षं काही देत नाही, म्हणून सगळी बाग एका दमात कापायची नाही, एकाआड एक ओळ घ्यायची. यंदा २१, पुढच्या वर्षी २१.

आईंना रात्री जेवताना सांगितलं. त्यांनी ताट बाजूला सारलं. "सुरुंग लावन खड्डे मारल्यानी, माती डोक्यार हाडल्यानी. आणि तू त्येका करवत लावतलंस?"

खरं आहे त्यांचं. या सड्यावर कुदळ चालत नाही. कातळात सुरुंग लावून खड्डे पाडायचे आणि खालच्या व्हाळातली माती आणून भरायची, तेव्हा कुठे कलम लागतं. सासऱ्यांनी आणि आईंनी मिळून चार वर्षांत ही बाग उभी केली. मी या घरात आले तेव्हा पहिला मोहोर येऊन गेला होता. मी काही बोलले नाही, ताट उचलून ठेवलं.

३ नोव्हेंबर

दोन आठवडे बोलणी चालली. नवरा एसटीत आहे, मुक्कामाच्या गाड्या, घरी असतो तेव्हा झोपलेला असतो. तो म्हणाला, बाग तुम्ही दोघी बघता, तुम्हीच ठरवा. शेवटी आईंनी एक अट घातली. "एक तरी ठेव गो. गोठ्याकडला." गोठ्याकडचं कलम सगळ्यात आधी लावलेलं. ठेवलं. म्हणजे यंदा २१ आणि पुढच्या वर्षी २०.

८ नोव्हेंबर

कापलेल्या जागेला लावायचं मलम तयार केलं. एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात, एक किलो चुना पाच लिटर पाण्यात, मग दोन्ही तिसऱ्या भांड्यात एकदम ओतायचं. भांडी प्लॅस्टिकची, मोरचूद धातू खाते. रात्रभर भिजवलेली मोरचूद सकाळी निळीशार दिसते, नवीन लुगड्यासारखी. मिसळून झाल्यावर विळ्याचं पातं बुडवून बघायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. पहिल्यांदा चढला. दोन मुठी चुन्याचं पाणी आणखी घातलं, ढवळलं, पातं राखेने घासून पुन्हा बुडवलं. स्वच्छ आलं.

१० नोव्हेंबर

कापायला सुरुवात. मशीनवाला वरच्या वाडीतला, हात चांगला आहे. फांदी आधी खालून तिसरा हिस्सा कापायची, मग वरून. नुसती वरून कापली तर अर्ध्यावर ती आपल्या वजनाने खाली बसते आणि खोडाची साल सोलत नेते.

दिवसभरात चार झाली. ताज्या आंब्याच्या लाकडाचा वास कैरीच्या चिकासारखा असतो, उग्र. पहिला मोठा फाटा पडला तेव्हा जमीन हलल्याचं पायांना कळलं. मग वर बघितलं तर तिथे आभाळ होतं. इतकी वर्षं या बागेत वावरते, त्या जागी आभाळ कधी पाहिलं नव्हतं.

आई मांगराच्या, बागेतल्या खोपीच्या, पायरीवर बसून होत्या. पेज प्यायला आल्या नाहीत.

पडलेल्या फांद्यांवर बांडगूळ किती निघालं! खालून हिरवं-हिरवं दिसायचं म्हणून वाटायचं की झाड भरलंय. त्यातलं निम्मं बांडगुळाचं पान. एक फांदी जवळ घेऊन बघितली. बांडगूळ जिथे चिकटलंय तिथे आंब्याची फांदी सुजून गाठ झालीय आणि गाठीच्या पुढचा भाग वाळून काडी. फुलटोचा नावाचा अंगठ्याएवढा पक्षी त्याची फळं खातो. बी इतकी चिकट की त्याच्या बुडाला लटकून राहते, मग तो फांदीवर बूड घासतो आणि बी तिथेच लागते. पक्ष्याचा दोष नाही. वर्षातून एकदा गाठीच्या खालून फांदी छाटली असती तर इथवर आलं नसतं. आम्ही वर बघत नव्हतो.

१४ नोव्हेंबर

परवा चूक झाली आणि ती माझी आहे. देवळाकडच्या कलमाचा शेवटचा फाटा राहिला होता, अंधार पडत आला होता. मशीनवाला म्हणाला उद्या करू. मी म्हटलं, आजच उरकून टाका. घाईत त्याने खालून काप न देता वरूनच घेतला. फाटा बसला आणि खोडाची हातभर लांब साल घेऊन गेला. आत पांढरं लाकूड उघडं. मलम संपलं होतं, नवीन करायला रात्र लागणार होती. दुसऱ्या दिवशी तालुक्याला काम निघालं. लेप लागला तो तिसऱ्या दिवशी. लावताना कडेची साल उचललेली दिसत होती, बोटाने दाबली तर पाणी आलं.

२ डिसेंबर

२१ पूर्ण. उघड्या पडलेल्या फांद्यांना चुना फासला. इतकी वर्षं सावलीत वाढलेली साल, एकदम ऊन लागलं तर तडकते. पांढरे खांब उभे केल्यासारखी बाग दिसते. शेजारचे काका गडग्यावरून बघून म्हणाले, "बागेची खुटां केलंस." त्यांना काय सांगणार.

जाड लाकूड पेट्यांच्या फळ्यांसाठी गेलं, त्यातून मशीनचे पैसे सुटले. बारीक चुलीला.

२६ जानेवारी २०२३

सकाळी सहाला आईंची हाक. "कलाम फुटला!" विहिरीकडच्या कलमाच्या कापाखाली वीतभर अंतरावर साल फोडून लाल टोकं आली होती, तांदळाच्या दाण्याएवढी. आई बोटाने मोजत होत्या. अकरा. न्हाणीतून आल्या होत्या, केस ओलेच, त्याच केसांनी सगळ्या २१ कलमांखाली फिरून आल्या. नऊ फुटली होती.

त्या दिवसापासून त्या मांगराच्या पायरीवर बसल्या नाहीत.

१९ मार्च

आता उलटं काम. एका कापाखाली वीस-पंचवीस धुमारे येतात, सगळे ठेवले तर पुन्हा झुडूप. बाहेरच्या दिशेने गेलेले तीन-चार ठेवायचे, बाकी काढायचे. कोवळी लाल पालवी हाताने मोडताना जीव होत नाही. आईंनी साफ नकार दिला, "माझ्याच्यान जावचा नाय." मी एकटीने केलं. तीन दिवस लागले.

न कापलेल्या ओळींना मोहोर बरा होता, पण तुडतुड्यांनी खाल्ला. झाडाखालून गेलं की पावसासारखे अंगावर टपटपतात, पानांवर चिकटा, त्यावर काळी बुरशी. पंपाचं पाणी वीस फुटांवर संपतं. वरचा सगळा मोहोर काळा पडून गळाला.

१२ जून

काल मान्सून दक्षिण कोकणात पोचला, उशिराच. आजची सर चांगली होती. कापलेल्या झाडांखाली पाऊस थेट जमिनीवर पडतो, त्याचा आवाज वेगळा. न कापलेल्या ओळींत तो पानांवर अडतो आणि सर थांबल्यावरही अर्धा तास गळत राहतो. खळ्यात उभं राहून दोन्ही आवाज ऐकत होते.

२७ ऑगस्ट

कापलेल्या ओळींखाली गवत आलंय. पातेऱ्याखालून मातीला ऊन मिळालं तसं काय काय उगवलं: टाकळा, कुर्डू, भारंगी. आईंनी कुर्डूची भाजी केली. सड्यावर पाणी साचलेल्या जागी सीतेची आसवं फुललीत, सगळा कातळ जांभळा. शाळेतून येताना मुलं त्यातून उड्या मारत येतात.

हुमल्यांची, म्हणजे लाल मुंग्यांची, घरटी नव्या पालवीत पुन्हा दिसायला लागली. पानं शिवून केलेला गोळा, धक्का लागला की शेकडो बाहेर. चावतात फार, पण झाडावरच्या किडी खातात, म्हणून मी त्यांना हात लावू देत नाही. मांगरात राहणाऱ्या नेपाळी दाजूंना हे सांगावं लागलं नाही. तेच म्हणाले, दीदी, इनको रहने दो.

२४ सप्टेंबर

देवळाकडच्या कलमाच्या बुंध्याशी भुसा पडलेला दिसला. करवतीखाली पडतो तसा, ओला आणि तपकिरी. सोललेल्या सालीच्या कडेला भोक. भिरूड, खोड पोखरणारी कीड. तार वाकवून आकडा केला, आत घालून ओढला. दोन वेळा नुसता भुसा आला. तिसऱ्या वेळी आळी आली, माझ्या करंगळीपेक्षा जाड, पांढरट पिवळी, तोंड काळं. अशा चार काढल्या. भोकात औषधाचा बोळा घालून चिखलाने बुजवलं. खोडाला कान लावला तर आत अजून करकर ऐकू येत होती. लाकूड चावण्याचा आवाज. किती वेळ कान लावून उभी होते कोण जाणे.

पावसात हा भुंगेरा फुटक्या सालीत अंडी घालतो. ती फुटकी साल मी ठेवली होती.

१८ नोव्हेंबर

उरलेली २० कापली. या वेळी मलम आधी, मशीन मागून. दिवसाला तीनच झाडं, आणि साडेचारनंतर मशीन बंद. काप झाला की पाच मिनिटांत लेप. लेपाचा कुंचला आईंच्या हातात. शिडीवर चढू नका सांगितलं तर ऐकलं नाही, तिसऱ्या पायरीपर्यंत चढल्या. नऊवारीला निळे डाग पडलेत, ते जाणार नाहीत.

गोठ्याकडचं तसंच उभं आहे, बागेत एकटंच उंच.

६ मे २०२४

यंदा फक्त गोठ्याकडच्या कलमाचे आंबे, तेही हाताला लागले ते. घरच्या पुरते. सगळ्यांना नाही म्हणून कळवलं. काजू झाला, रतांबे म्हणजे कोकमाची फळं झाली, त्यांचं आगळ आणि सोलं केली, त्यावर वर्ष काढायचं. सोसायटीचा हप्ता नवऱ्याच्या पगारातून गेला. त्याने तो भरल्याचं मला सांगितलंही नाही, पासबुकात दिसलं.

देवळाकडचं कलम वाळलं. पालवी आली होती ती माना टाकून तशीच लटकली. मुळापासून काढलं. आत सगळ्या खोडात बोट जाईल असे बोगदे. आईंनी तिथे काडी-कचरा जाळू दिला नाही, पहिल्या पावसाला खड्ड्यात रायवळ आंब्याची कोय लावणार आहेत. ती रुजली की जागेवरच कलम बांधू.

४ ऑगस्ट २०२४

कल्टारचा प्रश्न. शेजारी सगळ्या बागांत आळ्यात भोकं पाडून कल्टार ओतणं चालू आहे. जुलैचा दुसरा पंधरवडा आणि ऑगस्टचा पहिला, हीच त्याची वेळ. ते दिलं की झाडाची पालवी थांबते आणि मोहोर लवकर, नेमाने येतो. हापूस एक वर्ष देतो, एक वर्ष रुसतो, त्यावरचा हा इलाज. हिशोब साधा आहे: झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला तीन मिली. आठ मीटरचं झाड असेल तर २४ मिली, पाण्यात कालवून पंचवीस-तीस भोकांत.

मला औषधाविषयी राग नाही. मापात दिलं, शेणखत-खत पुरेसं घातलं तर झाड तग धरतं. पण मापात देतं कोण? बाग कराराने घेणारा दोन-तीन वर्षांचा धनी असतो, तो चमचा नाही, बाटली बघतो. झाडाची पेरं आखूड होतात, पालवी गुच्छासारखी होते, आणि मग करार संपतो. तशी कलमं या तालुक्यात मी डोळ्यांनी बघितली आहेत.

आमच्या कलमांनी आत्ता कुठे अंग धरलंय. यंदा नाही द्यायचं. नवरा म्हणाला, म्हणजे अजून एक वर्ष? मी म्हटलं, बघू काय येतंय ते. झाडाला पाच टोपल्या शेणखत घातलं.

२१ डिसेंबर

बोंगे फुटले! पहिल्या तुकडीतल्या २० पैकी १४ वर मोहोर. आणि तो माझ्या डोळ्यांसमोर आहे. इतकी वर्षं मोहोर मी मान वर करून पाहिला. आज एक तुरा नाकाशी धरला. त्यात निम्म्याहून जास्त फुलं नर असतात, हे ऐकलं होतं. भिंगातून बघितलं तर मधे हिरवा मण्याएवढा गोळा असलेली फुलं थोडीच. तुऱ्यावर माश्या आणि बारक्या मधमाश्या. फवारणी सकाळी लवकर उरकली, मग दिवसा पंप बंद. पाणी टोकापर्यंत पोचलं, खाली उभं राहून.

२६ फेब्रुवारी २०२५

शिवरात्र. कुणकेश्वराला जाऊन आलो. आईंनी नारळ ठेवला.

गळ झाली. वाटाण्याएवढी फळं एका रात्रीत झाडाखाली चादर अंथरल्यासारखी. होतच असते, झाड पेलवेल तेवढीच ठेवतं. पण झाडावर पंचवीस जरी राहिली तरी चालतील असं सारखं मनात म्हणत होते. गोटीएवढी झालेली मोजली, विहिरीकडच्यावर दोनशेच्या वर आहेत.

१७ एप्रिल

उतरवायला सुरुवात. चौदा आणे तयार झालेलं फळ हवं. देठाशी खळगा पडतो, खांदे वर येतात, हिरव्या रंगात किंचित पिवळट झाक. जास्त पिकू दिलं तर आत साका धरण्याची भीती, वरून आंबा सोन्यासारखा आणि कापला की पांढरट, रबरासारखा, आंबूस. देठ दोन बोटं ठेवायचा, नाहीतर चीक फळावर ओघळतो आणि डाग पडतो. सकाळी दहाच्या आत काम संपवायचं.

आजची खरी नोंद ही. पडलेल्या गड्याची बायको आमच्याकडे पेट्या भरायला येते. बाया कायम तेच करतात: वेचणं, निवडणं, पेंढा घालणं, भरणं. चढतो तो पुरुष, म्हणून उतरवायची मजुरी ८०० आणि बायांची ४००. ती मांगरातून बाहेर आली, एका कलमाखाली उभी राहून वर बघितलं आणि म्हणाली, "वैनी, माका घळ द्या बघया." बारा फुटी बांबू, टोकाला पातं आणि जाळी. पहिले दोन आंबे बिनदेठाचे आले. तिसऱ्याला तिने पातं देठामागे नेलं, मनगट जरा वळवलं, आणि आंबा जाळीत बसला, देठ दोन बोटं. दहाच्या आत तिने सतरा डझन उतरवले. शिडीला पाय लावला नाही. अकरा वाजता बाकीच्या दोघी हात पुसत आल्या, आमका पण द्या.

संध्याकाळी मजुरी देताना ८०० दिले. तिने मोजले, पुन्हा मोजले, अर्धे परत करायला लागली. मी म्हटलं, उतरवलेत ना? मग उतरवायचीच मजुरी. आई खळ्यातून बघत होत्या. रात्री म्हणाल्या, "बरा केलंस." या बागेबद्दल त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच.

४ मे

घळी कमी पडतात. दाजूंनी बांबू तोडून आणखी दोन केल्या. वाडीत कुरबुर आहे की मी मजुरी बिघडवते. गडग्यावरचे काका थेट येऊन बोलले. त्यांनाही सांगितलं, तुमची कलमं खाली आणा, मग तुमच्याकडेही बाया उतरवतील. ते बोलले नाहीत, पण विहिरीकडच्या कलमाचे काप बोटाने चाचपून गेले.

आढीतला पहिला आंबा दहाव्या दिवशी कापला. साका नाही. दुसरा, तिसरा. नाही.

२२ मे

पाऊस. मे महिन्यातच, वळवाची सर नव्हे, धरून आलेला. भिजलेला आंबा टिकत नाही, फळमाशीही येते. झाडांवर अजून तिसरा हिस्सा माल होता. निरोप पाठवला, सहा बाया आल्या, डोक्यावर खोळी. ओल्या फांद्यांवर कोणाला चढवलं असतं? चढावं लागलंच नाही. दोन दिवसांत सगळी कापलेली कलमं मोकळी झाली. पहिल्या तुकडीच्या एकूण ४६ पेट्या, पाच डझनी. त्यातल्या शेवटच्या नऊ आमरसाला जातील.

२६ मे

काल मान्सून आला. हवामान खात्याच्या नकाशात त्याची रेघ बरोबर देवगडवर होती.

गोठ्याकडच्या कलमाला हात लावता आला नाही. शेंड्याला पन्नास-साठ आंबे दिसतात, रात्रभर एकेक पडतो. गोठ्याच्या पत्र्यावर पडला की म्हैस दचकून उठते. सकाळी आई टोपली घेऊन वेचत होत्या, फुटलेले एका बाजूला, बरे दुसऱ्या. वर बघून म्हणाल्या, "ह्येचापण बघ गो काय तां." मग टोपली माझ्या हातात देऊन, मोरचूद किती उरलीय ते बघायला मांगरात गेल्या.